जेरेमी बेंथम: अण्णांचं देहदान आणि लंडनच्या काचपेटीतला माणूस

कृष्णाकाठ (धागा)

माघात आमचे अण्णा गेले. ८७ वर्षांचे होते. देहदानाचा अर्ज त्यांनी बारा वर्षांपूर्वीच भरला होता. त्याची प्रत फडताळात पंचांगाखाली असायची. पण माणूस गेल्यावर कागदाला कोण विचारतं? थोरले चुलते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या भावाला अग्नी मिळणार नसेल तर या घरचं पाणी पिणार नाही." दुपारपर्यंत हाच घोळ चालला. शेवटी आई उठली. अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यांचं त्यांनी ठरवलंय. गाडी बोलवा."

चुलते अजून आमच्याकडे येत नाहीत. त्यांचं दुःख खरं होतं, हे मला कळतं. पण त्या दिवशी त्यांनी विचारलेला एक प्रश्न मनातून जात नाही: "मेलेल्याला कापून कुणाचं भलं होणार आहे?"

दोन वर्षांपूर्वी लंडनला भाचीकडे गेले होते. तिच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, विद्यार्थ्यांची ये-जा असते त्या इमारतीत, एका काचेच्या पेटीत जेरेमी बेंथम हा जुन्या काळचा इंग्रज विचारवंत बसलेला आहे. अंगावर त्याचेच कपडे, डोक्यावर रुंद काठाची हॅट, हातात रोजची काठी. कपड्यांच्या आत त्याचाच सांगाडा आहे आणि भोवती गवत भरलंय. डोकं मेणाचं आहे, कारण खरं डोकं टिकवण्याचा प्रयत्न फसला. तेव्हा मी फोटो काढला आणि पुढे गेले. अण्णा गेल्यावर तो फोटो पुन्हा उघडला, आणि गेले चार महिने या माणसाबद्दल मिळेल ते वाचते आहे.

बेंथम ६ जून १८३२ ला गेला. तिसऱ्या दिवशी त्याचे डॉक्टर मित्र साउथवुड स्मिथ यांनी निमंत्रितांसमोर व्याख्यान देत त्याच्या देहाचं विच्छेदन केलं. हे त्याच्याच मृत्युपत्रात लिहिलेलं होतं. त्या काळी इंग्लंडात विच्छेदनासाठी कायद्याने फक्त फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेतं मिळत. त्यामुळे विच्छेदन म्हणजे शिक्षा आणि बेअब्रू असं लोकांच्या मनात पक्कं बसलेलं. दुसरीकडे वैद्यकीच्या शाळांना प्रेतं पुरत नव्हती, म्हणून रातोरात कबरी उकरल्या जात. एडिंबरात तर बर्क आणि हेअर या दोघांनी १८२८ पर्यंत सोळा माणसं मारून त्यांची प्रेतं विकली. अशा काळात समाजात मान असलेला ८४ वर्षांचा माणूस आपणहून म्हणतो, माझा देह घ्या. आणि ही म्हातारपणाची लहर नव्हती. देह विच्छेदनाला द्यावा असं त्याने पहिल्यांदा मृत्युपत्रात लिहिलं ते १७६९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. त्रेसष्ट वर्षं तो निर्णय बदलला नाही.

आता हा माणूस कोण ते सांगते. जन्म लंडनचा, १७४८. वडील वकील, पैसेवाले. मुलगा किरकोळ अंगाचा आणि अफाट हुशार, बाराव्या वर्षी ऑक्सफर्डला गेला. तिथे शिकायचं तर चर्चच्या ३९ धर्मतत्त्वांवर सही करावी लागे. त्याला त्यांतली काही पटत नव्हती. शंका विचारली, तर तुझ्यासारख्या पोराने मोठ्यांच्या निर्णयावर बोलू नये असं ऐकावं लागलं. सही केली, पण तो सल आयुष्यभर राहिला. पुढे ब्लॅकस्टोन या नावाजलेल्या कायदेपंडिताची व्याख्यानं त्याने ऐकली. सगळे वर्गात भारावलेले असताना या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला वाटत होतं, हे गृहस्थ जे आहे त्याला चांगलं ठरवण्यापलीकडे काही करत नाहीत. त्या ब्लॅकस्टोनवरची टीका १७७६ साली निनावी छापली गेली आणि बेंथमचा लेखक म्हणून जन्म झाला.

मुलगा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे इंग्लंडातला सगळ्यात मोठा न्यायाधिकारी, होणार असं वडिलांच्या मनात होतं. पण वकिलीची सनद मिळाल्यावर त्याला दिसलं ते असं: हजेरी एक आणि पक्षकाराकडून पैसे तीन हजेऱ्यांचे. त्याने व्यवसाय सोडला आणि कायदा कसा असावा याचं लिखाण धरलं, ते मरेपर्यंत.

त्याचं मूळ सूत्र एका ओळीचं. निसर्गाने माणसाला सुख आणि दुःख या दोन धन्यांच्या ताब्यात दिलंय. तेव्हा कुठल्याही कायद्याला, रूढीला, शिक्षेला एकच विचारायचं: यातून कुणाचं सुख वाढतं, कुणाचं दुःख वाढतं आणि किती? १७८० मध्ये छापून झालेला आणि १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा मुख्य ग्रंथ याच सूत्रावर उभा आहे. सुखाचं मोजमाप करायला त्याने सात मापं दिली: ते किती तीव्र, किती काळ टिकणारं, किती खात्रीचं, किती लवकर मिळणारं, त्यातून पुढे आणखी सुख उपजेल का, मागून दुःख तर येणार नाही ना, आणि शेवटचं, किती माणसांपर्यंत पोचणारं. हा हिशोब कागदावर करून कुणी जगत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. निर्णय घेताना डोळ्यांपुढे ठेवायची ती मापं होती.

मी सगळ्यात हलले ते त्याचं शिक्षेबद्दलचं म्हणणं वाचून. शिक्षा ही स्वतः वाईटच गोष्ट आहे, कारण ती दुःख निर्माण करते. त्याहून मोठं वाईट टळणार असेल तेवढ्यापुरतीच ती द्यावी. इंग्लंडात दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती त्या काळात कुणी असं लिहितं, हे मी दोनदा वाचलं.

चुलत्यांच्या प्रश्नाकडे परत येते. "कुणाचं भलं होणार आहे?" हा प्रश्न बेंथमचाच आहे. चुलत्यांनी तो रागाने, उत्तर नको म्हणून विचारला. बेंथमने उत्तर हवं म्हणून विचारला. अण्णा गणिताचे मास्तर होते, त्यांना बेंथमचं नावही माहीत नसावं. पण अर्ज भरताना ते एवढंच म्हणाले होते, "चार पोरं शिकतील, त्यांच्या हातून चारशे माणसं बरी होतील."

इथल्या जाणकारांनी भर घालावी. चुकत असेन तर सांगावं.


पिंपळपान

ताई, अण्णांना नमस्कार. आईंना त्याहून मोठा.

वाचताना सारखं एसटी आठवत होतं. "बहुजन हिताय बहुजन सुखाय" हे एसटीचं ब्रीद, आकाशवाणीचंही तेच. ते शब्द बुद्धाचे, भिक्खूंना चारिकेला, म्हणजे गावोगाव फिरायला, पाठवतानाचे. बेंथमचं "जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख" त्याच्या इतकं जवळ आहे की माझा आधी समज होता, एकाने दुसऱ्याचं घेतलं. तसं नाही. बेंथमने आपलं ऋण बेकारिया, हेल्व्हेशियस, ह्यूम या युरोपातल्या विचारवंतांकडे मान्य केलंय. आणि बुद्धवचनात पुढचा शब्द "लोकानुकंपाय" असा आहे. करुणेपासून सुरुवात करून तिथे पोचणं आणि कायद्यापासून सुरुवात करून तिथे पोचणं, या दोन वेगळ्या वाटा आहेत.


काळाकोट

कृष्णाकाठताई, लेख मनापासून आवडला. जिल्हा न्यायालयात तीस वर्षं गेली, म्हणून कायद्याच्या बाजूने लिहितो. आपल्यापैकी प्रत्येकजण बेंथमच्या सावलीत वावरला आहे.

इंग्लंडातला कायदा तेव्हा बराचसा न्यायाधीशांच्या निवाड्यांतून बनायचा. बेंथम याला कुत्र्याचा कायदा म्हणायचा. कुत्र्याची एखादी सवय मोडायची असेल तर माणूस काय करतो? त्याने ती गोष्ट करेपर्यंत थांबतो आणि मग मारतो. न्यायाधीश तुमच्या-माझ्यासाठी कायदा करतात तो असाच, असं त्याने लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं, कायदा आधी लिहा, एकत्र लिहा, सगळ्यांना वाचता येईल असा लिहा, आणि प्रत्येक कलमामागचं कारणही सांगा. इंग्रजीत संहितीकरणासाठी जो शब्द आहे तोच त्याने घडवला. "इंटरनॅशनल" हा शब्दही त्याचाच. सगळ्या जगाला संहिता लिहून द्यायची त्याची तयारी होती. १८११ साली अमेरिकेचे अध्यक्ष मॅडिसन यांना तसं पत्र पाठवलं. पाच वर्षांनी नकार आला.

इंग्लंडने ऐकलं नाही, हिंदुस्थानात ते घडलं. मुंबई इलाख्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ ची संहिता आली. पुढे मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंड संहितेचा मसुदा केला, १८६० मध्ये तो कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. ३० जून २०२४ पर्यंत आम्ही तीच कलमं तोंडपाठ म्हणत होतो. कलमांखालचे दृष्टांत आठवा, "क हा य च्या घरात शिरतो" वगैरे. कायदा सामान्य माणसाला उदाहरणाने कळावा, ही बेंथमच्या मुशीतलीच कल्पना.

याच संहितेत एक गोष्ट अशी आहे की ती मला टोचत राहते. बेंथमने १७८५ च्या सुमारास समलिंगी संबंधांवर मोठं टिपण लिहिलं. त्यात नेहमीचाच प्रश्न विचारला: यातून कुणाला इजा होते? दोघे राजी असतील तर कुणालाच नाही. मग शिक्षा कशाची? इंग्लंडात तेव्हा याला फाशी होती. आपण हे छापलं तर आपलं काय होईल याची धास्ती त्याच्या कागदांत दिसते. त्याने ते छापलं नाही, आणि ते पहिल्यांदा प्रसिद्ध झालं १९७८ साली. म्हणजे संहिता लिहायची रीत बेंथमकडून घेतली आणि तिच्यात ३७७ कलम मात्र त्याच्या मताच्या नेमकं उलट घातलं. सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं. माझ्याकडे अशा प्रकरणात एक तरुण आला होता, फार पूर्वी. त्याची आई कोर्टाच्या व्हरांड्यात पदराने तोंड झाकून बसायची. बेंथमचं टिपण वेळेवर छापलं गेलं असतं तर, असं मनात येतं.


नीरज_बे_एरिया

काळाकोट काका, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.


पाण्याखालचं_गाव

धागा चांगला आहे, पण मला या माणसाबद्दल प्रेम वाटत नाही. का ते सांगतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या एका धरणाच्या पोटात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की भैरोबाच्या देवळाची जोती दिसतात. आजोबांना साठच्या दशकात उठवलं. जमीन दिली ती दुसऱ्या जिल्ह्यात, मुरमाड, वर तिथल्या गावकऱ्यांचा विरोध. सातबाऱ्यावर आमचं नाव चढायला ३१ वर्षं लागली, तोवर आजोबाही गेले आणि वडील कचेरीच्या पायऱ्या झिजवून थकले. आजोबा सांगायचे, मोजणीला आलेल्या साहेबाने पारावर समजावलं होतं: "तुमची चाळीस घरं, आणि भिजणार हजारो एकर. देशासाठी एवढं करा."

हे साहेब काय बोलत होते? जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. बेरीज त्यांची बरोबर होती. माझ्याही घरात आज वीज आहे, मी ती नाकारत नाही. पण बेरजेत आमची चाळीस घरं वजा झाली, आणि वजा झालेल्यांना पुढच्या साठ वर्षांत कुणी विचारलं नाही. ज्या तत्त्वज्ञानात हक्कांना जागा नाही तिथे थोडक्या लोकांचा बळी नेहमी हिशोबात बसतो. हक्क निसर्गाने दिलेत या म्हणण्याला बेंथमने शुद्ध बडबड म्हटलंय, काठ्यांच्या पायांवर उभी केलेली बडबड. आमच्या आजोबांकडे दुसरं काय होतं हो, हक्काशिवाय?


कृष्णाकाठ

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. आमची शेती ज्या पाण्यावर होते ते पाणी कुणाच्या तरी गावावरून येतं, हे आम्ही नदीकाठची माणसं कधी बोलतच नाही. तुमच्या आजोबांना बेंथमचं नाव घेऊन उत्तर देणं हा उद्धटपणा होईल. तरी दोन गोष्टी मांडते, तुम्हीच ठरवा.

पहिली. ते प्रसिद्ध सूत्र बेंथमने स्वतःच पुढे दुरुस्त केलं. म्हातारपणी "जास्तीत जास्त लोकांचं" हा तुकडा त्याने गाळला, कारण त्याला तुमचाच धोका दिसला. त्याने उदाहरण दिलंय: समजा एका समाजात ४००१ माणसं आहेत. २००१ जणांनी उरलेल्या २००० जणांना गुलाम केलं, तर सुख वाढेल का? नाही, कारण गुलामांचं जेवढं जाईल तेवढं धन्यांच्या पदरात पडणार नाही. म्हणून संख्या मोजून भागत नाही, दुःख मोजावं लागतं. त्याने हेही लिहिलंय की गरिबाकडून गेलेला रुपया आणि श्रीमंताला मिळालेला रुपया सुखाच्या मापात सारखा नसतो.

दुसरी. कायद्याचं मुख्य काम तो सुरक्षितता मानतो. माणूस उद्याच्या भरवशावर जगतो. शेत नांगरतो ते पीक आपल्याच घरी येईल या आशेवर. ही आशा मोडणं हे त्याच्या लेखी वेगळं, मोठं दुःख आहे. सुधारणेसाठी कुणाचं काही काढून घ्यावंच लागलं, तर त्याची भरपाई आधी व्हावी, असं त्याचं सांगणं होतं. त्या मापाने पाहिलं तर पारावरच्या साहेबाची बेरीज चुकलेलीच होती. त्यात ३१ वर्षं धरली नव्हती, कचेरीच्या पायऱ्या धरल्या नव्हत्या.


पाण्याखालचं_गाव

ताई, ४००१ चं उदाहरण मला माहीत नव्हतं. त्याबद्दल आभार.

पण माझा मुद्दा तिथेच आहे. ३१ वर्षं हिशोबात कोण धरणार? हिशोब करणारा नेहमी पारावर उभा असतो आणि ज्याचं दुःख मोजायचं तो खाली बसलेला. भरपाई "व्हावी" आणि भरपाई मागण्याचा मला हक्क आहे, यात फरक आहे. दुसरी गोष्ट घेऊन मला कोर्टात जाता येतं.


काळाकोट

यावर सहमत. बेंथमचा उलट युक्तिवाद असा असता की कोर्टात नेता येतो तो कायद्याने दिलेला हक्क, म्हणून आधी कायदा नीट लिहा. १९७६ साली महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो लोकांनी लढून करून घेतला म्हणून. पण तुमच्या आजोबांसाठी तो उशिरा आला, हे खरंच आहे.


जयभीम_वाचक

इथे बाबासाहेबांची आठवण काढायला हवी. 'हिंदुत्वाचे तत्त्वज्ञान' या अर्थाच्या त्यांच्या लेखनात त्यांनी धर्माला दोन कसोट्या लावल्या: न्याय आणि उपयुक्तता. नुसती उपयुक्तता पुरेशी धरली नाही. जुन्या समाजात केंद्र समाज होता, तिथे उपयुक्ततेची कसोटी. आधुनिक समाजात केंद्र व्यक्ती, म्हणून न्यायाची. पाण्याखालचं_गाव यांचा मुद्दा नेमका हाच आहे.

आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचा इशारा सांगितला: कितीही मोठा माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. मिल बेंथमच्याच मांडीवर वाढलेला. म्हणजे या परंपरेत हक्कांकडे येणारी वाट होती.


सुधारक१८८८

मिलचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या पिढीला आगरकरांमुळे मिल कळला.

बापाने, म्हणजे जेम्स मिलने, बेंथमच्या विचाराचा वारस तयार करायचा म्हणून पोराला घरीच शिकवलं. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. विशीच्या आत त्याने बेंथमच्या पुराव्यावरच्या हस्तलिखितांचे पाच खंड संपादित करायला घेतले. आणि १८२६ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी तो कोसळला. त्याने स्वतःला विचारलं, जगात मला हव्या त्या सगळ्या सुधारणा या क्षणी झाल्या तर मी सुखी होईन का? आतून उत्तर आलं, नाही. सुखाचं शास्त्र शिकलेल्या मुलाला सुख सापडेना. पुढे वर्डस्वर्थच्या कवितेने त्याला हात दिला. म्हणून तो बेंथमपासून एका मुद्द्यावर दूर गेला. पूर्वग्रह बाजूला ठेवले तर साधा पोरखेळही काव्यसंगीताच्या तोडीचा, असं बेंथम म्हणायचा. मिल म्हणाला, सुखासुखांत दर्जा असतो, तृप्त डुकरापेक्षा अतृप्त माणूस बरा. मी दोघांपैकी कुणाकडे आहे हे मला आजही सांगता येत नाही. उच्च सुख कुठलं हे उच्च लोकच ठरवणार असतील तर तमाशाला आणि भारुडाला कोण विचारेल, अशी भीती वाटते.

पण स्त्रियांच्या बाबतीत मिल जिथवर गेला तिथवर त्याच्या काळात फार थोडे गेले. २० मे १८६७ ला, खासदार असताना, मतदानाच्या विधेयकातला "पुरुष" हा शब्द काढून "व्यक्ती" घाला अशी दुरुस्ती त्याने मांडली. बाजूने ७३ मतं, विरोधात १९६. दोन वर्षांनी स्त्रियांच्या दास्यावरचं त्याचं पुस्तक आलं. पत्नी हॅरिएट टेलर हिच्याशी झालेल्या चर्चांतून हे विचार घडले, असं तो उघड सांगतो.

टेंभूच्या गरीब घरातला मुलगा, म्हणजे आगरकर, हे वाचून पुण्यात काय करतो? मिल आणि स्पेन्सर पचवून एमए होतो, आईला लिहितो की पोटापुरत्या पैशावर समाधान मानून लोकहिताला वेळ देणार, आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढतो. बालविवाह, केशवपन, संमतिवय, सोवळं, प्रत्येक ठिकाणी आगरकर विचारतात: याने कुणाचं हित झालं? शास्त्रात काय लिहिलंय हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता ते गेले. ताई, तुमचं गाव कृष्णाकाठी म्हणता, म्हणजे टेंभू तुम्हाला लांब नसावं.


अवलोकिता

मिलवर एक डाग आहे, तो झाकू नये. सतराव्या वर्षापासून १८५८ पर्यंत, ३५ वर्षं, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता. आपल्याविषयीचे खलिते लिहिले, कधी इथे आला नाही. बापानेही हिंदुस्थान न बघता हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. आणि स्वातंत्र्यावरच्या त्या गाजलेल्या ग्रंथात मिल म्हणतो की हे तत्त्व "मागासलेल्या" समाजांना लागू नाही, तिथे सुधारणेसाठी हुकूमशाही चालेल. आपण त्यात आलो. बेंथमने मात्र १७९३ मध्येच फ्रेंचांना सांगितलं होतं, वसाहती सोडून द्या.


बुरूज

बेंथमचाही डाग सांगायला हवा: पॅनॉप्टिकॉन. कल्पना त्याचा भाऊ सॅम्युएल याची. तो रशियात पोटेमकिन या बड्या सरदाराच्या जहागिरीत कामावर होता, तिथे मजुरांवर देखरेखीसाठी त्याला ती सुचली. बेंथम त्याला भेटायला गेला आणि तिचा तुरुंग केला. गोलाकार इमारत, कडेने कोठड्या, मधोमध मनोरा. कोठडीला पुढून-मागून उजेड, त्यामुळे कैदी सतत दिसतो. मनोऱ्यातला पहारेकरी मात्र कैद्याला दिसत नाही. आपल्यावर आत्ता नजर आहे की नाही हे कळत नाही, म्हणून माणूस सदैव नजर असल्यासारखा वागतो. वीस वर्षं आणि वडिलोपार्जित पैसा त्याने यात घातला. सरकारने अखेर योजना गुंडाळली आणि १८१३ मध्ये त्याला २३,००० पौंड भरपाई दिली.

अंदमानच्या सेल्युलर जेलला पुष्कळजण पॅनॉप्टिकॉन म्हणतात. मधला मनोरा आणि भोवतीच्या पाकळ्या (मूळच्या सात, आता तीनच उरल्यात) पाहून तसं वाटतं. मी तिथे गेलो आहे. तिथल्या कोठड्यांचं तोंड पुढच्या पाकळीच्या पाठीकडे आहे. कैद्याला दुसरा कैदी दिसू नये ही योजना, आणि मनोऱ्यातून कोठडीच्या आतलं दिसत नाही. वंश तोच म्हणा, पण बेंथमचा नकाशा तो नव्हे.

बेंथमच्या बाजूने एवढं म्हणेन की त्याचा तुरुंग लोकांना येऊन पाहायला खुला असणार होता. पहारेकऱ्यावर जनतेची नजर, हा त्यातला अर्धा भाग होता. पुढच्या जगाने कैद्यावरची नजर घेतली आणि साहेबावरची सोडून दिली. पारावरच्या साहेबावर कुणाची नजर होती?


गोठा

मी जास्त शिकलेलो नाही, पण यातली एक गोष्ट मला माहीत आहे. मुलगा पशुवैद्यक शिकतोय, त्याने वाचून दाखवली होती. बेंथमने तळटिपेत लिहिलंय, जनावरं विचार करतात का, बोलतात का, हा प्रश्न नाही. त्यांना दुःख होतं का, हा प्रश्न आहे. साल १७८९.

आमचे आबा बैलाला आर टोचू द्यायचे नाहीत. त्यांच्या पराणीला आरच नव्हती. लोक म्हणायचे, अशाने बैल चालतो काय? आबा म्हणायचे, बेंदराला पुरणपोळी घालायची आणि बाकीचं वर्षभर टोचायचं, हे मला जमणार नाही. मुलाने वाचून दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा आबा आठवले.

देहदानाचं मलाही करायचं आहे. ताई, काय काय लागतं ते सांगाल का? घरात अजून बोललो नाही.


कृष्णाकाठ

गोठा दादा, तुमचे आबा मला फार आवडले.

आमचा अनुभव सांगते. अर्ज जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या शरीररचनाशास्त्र विभागात फुकट मिळतो. आमच्या अर्जावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, त्यातला एक घरचा. अर्ज भरला म्हणजे झालं असं समजू नका. त्या दिवशी घरचे नको म्हणाले तर देह नेत नाहीत, अर्ज कितीही जुना असो. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो. अपघात असेल किंवा शवविच्छेदन झालेलं असेल तर बहुधा स्वीकारत नाहीत. वेळ थोडा असतो, म्हणून विभागाचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच ठेवा. नेत्रदान करायचं असेल तर ते वेगळं नोंदवा, त्याला आणखी घाई असते.

आणि घरात आत्ताच बोला. भावाला, चुलत्यांना, सगळ्यांना समोर बसवून बोला. अण्णांनी आम्हाला सांगितलं होतं, थोरल्या भावाला सांगितलं नव्हतं. माझे चुलते त्या दिवशी दारात उभे राहिले ते बहुतेक त्यामुळेच. पुढच्या आठवड्यात बेंदूर आहे. पुरणपोळीचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे.